हंड्यावरचे फडके

महाराष्ट्रातील खेड्यांत, आणि शहरांतल्याही जुन्या वळणाच्या घरांत, पिण्याचे पाणी भरताना हंड्याच्या किंवा कळशीच्या तोंडावर एक फडके धरलेले असते. हे फडके सहसा विकत आणलेले नसते. जुन्या धोतराचा किंवा सुती नऊवारीचा विरलेला तुकडा चौकोनी फाडून, चार पदरी करून, कडा दुमडून ते घरातच तयार झालेले असते. ते हंड्यावर ताणून बसवत नाहीत, कारण ताणलेल्या कापडावरून पाणी बाजूला सांडते. मधोमध किंचित झोळ राहील असे ते सैल धरतात, त्या झोळात पाणी क्षणभर साचते, कापडाचा रंग गडद होतो आणि मग पाणी संथ लयीत आत झिरपू लागते. घागर रिकामी झाल्यावर झोळाच्या तळाशी शेवाळाचे दोन तंतू, झाडाची एखादी साल, वाळूचे चार कण आणि कधी कधी डोळ्यांना जेमतेम दिसणारे, टुणकन उडी मारल्यासारखे हलणारे पांढुरके ठिपके उरतात. मग फडके उलटे करून खळखळून धुतात, पिळतात आणि उन्हात वाळत घालतात. पुढच्या वेळी तीच बाजू वर यावी म्हणून शिवणीची खूण पाहण्याची शिस्तही अनेक घरांत असते, कारण बाजू बदलली तर काल अडवलेला गाळ आज आपल्याच हाताने हंड्यात जातो.

आठ-नऊ वर्षांची मुलगी पाणवठ्यावर आईबरोबर उभी राहून हे सारे शिकत आली आहे. तिला कारण सांगितले जात नाही. 'असेच भरायचे' एवढेच सांगितले जाते, आणि ती पुढे आपल्या लेकीसुनांना तितकेच सांगते. आरोग्याच्या सवयींचा बहुतेक वारसा असाच, कारण मागे ठेवून फक्त कृती पुढे नेत चालत आलेला आहे.

जी कारणे ग्रंथांत नोंदलेली आढळतात ती प्रथमदर्शनी आरोग्याची नव्हेतच. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात पाणी वस्त्राने गाळून प्यावे असे सांगितले आहे, पण ते संन्याशाच्या आचारधर्मात, आणि पाऊल नीट पाहून टाकावे या नियमाच्या शेजारी. म्हणजे तेथे काळजी आहे ती पायाखालच्या आणि पाण्यातल्या जीवांची. जैन परंपरेने हा विचार सर्वाधिक बारकाईने पाळला. तेथे पाणी गाळणे हा गृहस्थाच्या रोजच्या आचाराचा भाग आहे, आणि गाळल्यावर फडक्यावर उरलेले सूक्ष्म जीव, ज्यांना जिवाणी म्हणतात, ते ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडण्याचा प्रघात आहे. प्राचीन वैद्यकाने मात्र कापडाकडे साधन म्हणून पाहिले: सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत, आणि त्यांत कतक, म्हणजे मराठीत ज्याला निवळीचे बी म्हणतात ते, तसेच मोती आणि साधे वस्त्र हे एकाच पंक्तीला बसवले आहेत. एकाच कृतीला दया, धर्म आणि औषध असे तीन वेगळे उगम असू शकतात, ही गोष्ट सवयींकडे पाहताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण माणसे अनेकदा चुकीच्या किंवा निराळ्याच कारणाने योग्य गोष्ट करत असतात आणि तिचे फळ तरीही मिळते.

या फळाचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका रोगाने दिला, ज्याचे नावही आजच्या तरुण वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. तो रोग म्हणजे नारू. महाराष्ट्रासह देशातील सात राज्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो घर करून होता. नारू हा एक कृमी आहे; त्याची मादी शेवयीसारखी बारीक आणि दोन-तीन फूट लांब असते. तिच्या अळ्या पाण्यात पडतात, तेथे सायक्लॉप्स नावाच्या एक-दोन मिलिमीटरच्या जलजीवाच्या पोटात जातात, आणि असे जीव असलेले पाणी न गाळता पिणाऱ्याच्या जठरात सायक्लॉप्स मरतो, पण अळ्या मोकळ्या होऊन शरीरात शिरतात. सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. मग बहुधा पायावर, घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक फोड येतो, त्याची आग असह्य होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचे टोक डोकावते. ते ओढून काढता येत नाही, कारण तुटले तर आत राहिलेला भाग सडून पाय सुजतो. म्हणून ते टोक एका काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे, बोटभर, दोन बोटे, असे आठवडेच्या आठवडे बाहेर काढावे लागे. ऐन शेतीच्या कामांच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस काडी बांधलेला पाय पसरून ओसरीवर बसलेला असे.

या रोगाचे चक्र माणसाच्याच एका स्वाभाविक हालचालीवर चालत असे. फोडाची आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात घाली. गार पाण्याचा स्पर्श होताच मादी लाखो अळ्या सोडी. आणि महाराष्ट्रात हे पाणी पुष्कळदा बारवेचे असे. बारव म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरत जाणारी दगडी विहीर. आज या बारवांचा गाळ उपसून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्या रचनेचा जो गौरव होतो आहे तो सर्वथा योग्य आहे. परंतु त्याच सुंदर पायऱ्यांवर घोटाभर पाण्यात उभे राहून माणसे पाणी भरत, आणि त्या घोट्यांतूनच नारू विहिरीत उतरत असे, हेही त्या वास्तूच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, सायक्लॉप्सची दाटी वाढे आणि शेवटच्या पायरीवर गर्दीही.

नारूवर लस नव्हती, आजही नाही. कृमी मारणारे खात्रीचे औषध नव्हते. एकदा रोग होऊन गेल्यावर शरीरात प्रतिकारशक्तीही येत नसे, म्हणून तोच माणूस वर्षामागून वर्षे त्याला बळी पडे. रशियन अभ्यासक अलेक्सेय फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात या कृमीचे सायक्लॉप्समधील वास्तव्य शोधून काढले, तेव्हापासून उपाय एकच उरला होता: तो जीव पाण्याबरोबर पोटात जाऊ न देणे. भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात गावोगाव रुग्ण शोधले गेले, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या रहाटाच्या किंवा दोराने शेंदायच्या विहिरी केल्या गेल्या, हातपंप बसले, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारे द्रव्य घातले गेले आणि घरोघर गाळण्यासाठी बारीक जाळीची कापडे देऊन ती कशी वापरावीत हे पुन्हा पुन्हा सांगितले गेले. शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. सुई न टोचता, गोळी न देता एक रोग संपूर्ण देशातून गेला. वैद्यकाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार थोडी आहेत, आणि या उदाहरणात फडक्याचा वाटा मोठा आहे.

ज्या घरांत फडके पिढ्यान्‌पिढ्या नीट वापरले जात होते त्यांना नारू का होत नाही, हे त्या घरांनाही ठाऊक नव्हते. टाळलेल्या आजाराची अडचण हीच असते की तो दिसत नाही. बरा झालेला रुग्ण वैद्याचे नाव घेतो, डॉक्टरांना पेढे देतो. जो आजारीच पडला नाही तो कोणाचे आभार मानणार? वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या आरंभी दिनचर्या आणि ऋतुचर्या हे अध्याय सांगून लगेच चौथ्या अध्यायाला रोगानुत्पादनीय असे नाव दिले आहे, म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नये यासाठी काय करावे याचा अध्याय. आणि रोगांची लक्षणे व चिकित्सा पुढे ठेवून या गोष्टी आधी घेतल्या आहेत. या क्रमात एक मोठी जाण आहे. सकाळी उठण्याची वेळ, दात घासणे, अंगाला तेल लावणे, भूक-तहान-झोप यांचे वेग न अडवणे, अशा अगदी मामुली वाटणाऱ्या बाबींना ग्रंथाच्या दाराशी जागा देणारा लेखक वाचकाला सुचवत असतो की जे रोज घडते तेच शेवटी शरीर घडवते. परंतु ग्रंथात लिहिलेली दिनचर्या ज्या घरांत प्रत्यक्षात उतरली तेथे ती बहुतांशी बायकांच्या हातांनी उतरली, आणि त्या हातांची नोंद ग्रंथांनी फारशी ठेवली नाही.

जुने, विरलेले कापडच का, याचेही उत्तर पुष्कळ उशिरा मिळाले. पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगाचे जंतू इतके सूक्ष्म असतात की कोणतेही फडके त्यांना एकेकटे अडवू शकत नाही. परंतु नदी-तळ्यांच्या पाण्यात हे जंतू पुष्कळदा सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या जलजीवांच्या अंगाला चिकटून राहतात. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना जुन्या साडीची घडी करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी, घटले. नव्या कापडापेक्षा जुने कापड सरस ठरते, कारण वारंवार धुतल्याने सुताचे धागे फुलतात, विणीतली छिद्रे बारीक होतात, आणि घडी केलेल्या जुन्या साडीतून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून मोठे काही सहसा पलीकडे जात नाही. पाच वर्षांनी संशोधक पुन्हा त्या गावांत गेले तेव्हा सुमारे एक तृतीयांश घरे कोणी न सांगताही पाणी गाळत होती. हा आकडा कमी म्हणावा की पुष्कळ? रोज दोनदा, तीनदा, कसलेही दृश्य बक्षीस नसताना, पाठीवर दुसरी दहा कामे असताना जी कृती पाच वर्षे टिकली, ती टिकवणाऱ्या घरांविषयी आदरच वाटायला हवा.

गाळणे ही पाण्याच्या काळजीची पहिलीच पायरी. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीचे पाणी तांबडे होऊन येते तेव्हा घागरीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवतात. पाण्यातले मातीचे कण परस्परांना दूर लोटत तरंगत राहिलेले असतात, तुरटीमुळे ते एकत्र येऊन गोळे होतात आणि तळाशी बसतात. जेथे निवळीचे झाड आहे तेथे तिचे बी माठाच्या आतल्या अंगाला उगाळून तेच साधतात. मग वरचे निवळलेले पाणी गाळ न हलवता दुसऱ्या भांड्यात काढायचे, ही घाई न चालणारी कृती. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याविषयी घराघरांत जो विश्वास होता त्यालाही आधार सापडला आहे: बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हगवणीचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यात ते जंतू जिवंत सापडले नाहीत. मात्र त्यासाठी भांडे आतून चिंचेने किंवा लिंबाने घासून लखलखीत ठेवावे लागते, आणि ही घासणी चुकवून नुसते तांब्याचे भांडे शोभेला ठेवणाऱ्यांना तांब्याचे फारसे काही मिळत नाही.

या सगळ्यांत ओगराळे हे साधन विशेष जपण्याजोगे. लांब उभ्या दांड्याचे, वाटीएवढ्या तोंडाचे हे पितळी किंवा स्टीलचे पात्र माठाच्या वर खुंटीला टांगलेले असते. त्याने पाणी काढायचे, फुलपात्रात ओतायचे, आणि बोटे माठातल्या पाण्याला कदापि लागू द्यायची नाहीत. विहिरीवर शुद्ध असलेले पाणी घरात येऊन दूषित होते ते प्रामुख्याने हातांनी, हे आज सर्वमान्य आहे, म्हणून साठवणीचे भांडे अरुंद तोंडाचे असावे किंवा त्यातून दांड्याच्या पात्राने पाणी घ्यावे असाच सल्ला दिला जातो. तहानलेल्या मुलाने पेला थेट माठात बुडवला की आजीचा जो आवाज चढतो, त्यामागे हे शहाणपण आहे.

पण पाण्याला हात न लागू देण्याच्या या शहाणपणाला महाराष्ट्रात एक अत्यंत काळी बाजूही चिकटली, आणि तिला वगळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणाचा हात, हा प्रश्न स्वच्छतेचा न राहता जन्माचा झाला. धुतलेला हात नाकारला गेला आणि न धुतलेला स्वीकारला गेला. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले, आणि त्यानंतर सनातनी मंडळींनी तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या, म्हणजे शेण, गोमूत्र, दूध, दही आणि तूप यांच्या, १०८ घागरी त्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे म्हणजे शुद्धी आणि तहानलेल्या माणसाची ओंजळ म्हणजे विटाळ, असे ज्या समाजाला वाटले त्याची सोवळ्याची कल्पना आरोग्यापासून किती दूर गेली होती, हे यापरते दुसरे काही दाखवू शकणार नाही. म्हणून जुन्या सवयींचे कौतुक करताना त्या प्रत्येक सवयीला, ती रोगाला दूर ठेवते की माणसाला, हा प्रश्न विचारावाच लागतो. ओगराळे या कसोटीला उतरते. वेगळा ठेवलेला पेला उतरत नाही.

सवयीची दुसरी मर्यादा निसर्गानेच घातली आहे. फडके नारू अडवते, पटकी काही अंशी अडवते, पण काविळीचे विषाणू किंवा विषमज्वराचे सुटे जंतू त्यातून सहज पार होतात. तेथे पाणी खळखळून उकळावे लागते, निदान एक मिनिट उकळी टिकावी लागते. आणि उकळण्याला सरपण किंवा गॅस लागतो, जो प्रत्येक घरात मुबलक असतोच असे नाही. जिच्या डोक्यावरचा हंडा अर्ध्या कोसावरून आलेला आहे त्या बाईला पाणी उकळा, हात वारंवार धुवा असे सांगणारे पत्रक शब्दशः बरोबर असले तरी ते तिच्यावर आणखी एक ओझे ठेवते. म्हणूनच गावाच्या पाण्याची जबाबदारी एका घरावर सोडता येत नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, कालवणारा जलसुरक्षक हा या साखळीतला आज सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. पावडरीचे पोते उघडे राहिले, ओल लागली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि पांढरी पूड तेवढी उरते; म्हणून गावच्या शेवटच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळे होते का ते पाहायचे, ही ओटी चाचणी त्याने रोज करायची असते. तो पिवळा रंग आला नाही तर गावाला अजून काही कळलेले नसते, पण त्याला कळलेले असते.

शहरांत फडक्याची जागा यंत्राने घेतली. भिंतीवरचे यंत्र निळा दिवा लावून पाणी शुद्ध असल्याची ग्वाही देते, पण त्याच्या आतली गाळणी वेळेवर बदलली का, हे पाहणारा डोळा तेथेही लागतोच. आणि अनेक नळांच्या तोंडाला आजही एक चिंधी बांधलेली दिसते, जी महिनोन्‌महिने सोडली जात नाही, जिच्यावर हिरवट बुळबुळीत थर चढलेला असतो. आईच्या हंड्यावरच्या फडक्याची ती दूरची आठवण आहे. कृतीतले धुणे, पिळणे आणि वाळवणे गळून गेले आणि फक्त कापड उरले. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि दूषित पाण्याचा संशय पुढे आला, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांत पातेली पुन्हा गॅसवर चढली.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची स्वच्छता-पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, होते, आणि धोक्याच्या प्रमाणानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. बहुतेक गावकऱ्यांना आपल्या गावाच्या कार्डाचा रंग ठाऊक नसतो. वाचक खेड्यात राहत असेल तर त्याने एकदा ग्रामपंचायतीत जाऊन तो विचारावा, शेवटच्या नळावर ओटी चाचणी काल झाली का हेही विचारावे, आणि शहरात राहत असेल तर नळाला बांधलेली चिंधी आजच सोडून धुवावी.